दोन बोटं वजा

विमानतळावर बॅगेचं माप बघायला ठेवलेल्या त्या लोखंडी चौकटीत बॅग काही केल्या बसेना. नवऱ्यानं ती आधी हलक्या हातानं ठेवून पाहिली, मग दाबली, मग आडवी केली, आणि शेवटी इकडेतिकडे बघत तिच्यावर गुडघा लावला. काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, "दादा, गुडघा काढा. चौकट वाकली तर माझ्या नावावर जाईल." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तिला, त्याच्या बायकोला, वाटलं, आता आपण काहीतरी बोलायला हवं, पण बोलायला तोंड नव्हतं, कारण बॅग मोजली होती तिनंच. एकदा नव्हे, भरण्याआधी आणि भरल्यावर, दोन्ही वेळा. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, एक रेघ इकडची तिकडे झाली तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं आणि मालकाचं त्याहून जास्त. तिचं माप चुकत नाही अशी दुकानात ख्याती. काउंटरवरच्या बाईनं खिशातून कापडी टेप काढली, बॅगेला लावली, आणि आकडा सांगण्याऐवजी हाताची दोन बोटं जोडून बॅगेच्या कडेवर ठेवली. "एवढीच जास्त आहे बघा. दोन बोटं. पण एवढ्यालाच घोडं अडतं." नवरा तिच्याकडे वळून म्हणाला, "तू मोजली होतीस ना?" आणि ती म्हणाली, "मोजली होती. दोन बोटं वजा करून." म्हणाली, आणि जागच्या जागी थांबली. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं.

नवरा बॅग घेऊन सामानाच्या दुसऱ्या रांगेकडे पळाला. पळता पळता "तुझ्या माहेरची ती पट्टी एकदा म्युझियमला देऊन टाक" असं म्हणायला विसरला नाही. माणूस चांगला, पण सकाळपासून त्याच्या नाकी नऊ आले होते. टॅक्सी आली ती मागच्या गल्लीत. ड्रायव्हर फोनवर सांगत होता, मी दारातच उभा आहे, आणि दार दुसऱ्याच कुणाचं होतं. गॅस बंद आहे का हे बघायला नवरा दोनदा वर गेला, तिसऱ्यांदा ती गेली. शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली तर काकू म्हणाल्या, झाडांना पाणी घालीन, पण तुमचे पडदे मात्र ओढणार नाही, खालून सगळं दिसतं ते दिसतंच. सगळे हसले. घरातले पडदे दोन बोटं आखूड होते, सगळेच, प्रत्येक खोलीतले. नवरा म्हणायचा, आपल्याकडे पूर आल्यासारखं वाटतं, पडदे पायचे वर खोचून उभे असतात. ती शिंप्याला बोल लावायची. शिंपी तीनदा बदलून झाला होता. आणि या सगळ्या धांदलीत खारू, वय वर्षं नऊ, तोंडाची टकळी दिवसभर चालू म्हणून जिचं नाव खारू पडलं ती त्यांची मुलगी, पहाटेपासून बूट घालून तयार होती. न्याहारी बुटात केली. दात बुटात घासले. "अगं काढ की ते, घरात काय बूट," म्हटलं तर म्हणाली, "मग पुन्हा घालायला वेळ लागेल." टॅक्सीतही ती ताठ बसली होती आणि आता, तपासणीच्या रांगेत आईचा हात धरून, नवीन चालायला शिकल्यासारखी टाचा जपून टाकत चालली होती.

ही सहल खारूच्या उलटी फिरणाऱ्या गाडीसाठी होती. म्हणजे जिथे चालले होते त्या करमणुकीच्या बागेत पाळणे होते, पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, भुताचं घर होतं, पण खारूनं वर्षभर एकाच गाडीचा जप केला होता, जी रुळांवरून उंच चढते, क्षणभर थांबते आणि मग उलटी होऊन कोसळते. माहितीपत्रक तिच्या उशाखाली असायचं. त्यावर गाडीच्या फोटोखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की अमुक उंचीच्या आतल्या मुलांना बसता येणार नाही. मग दर पंधरा दिवसांनी स्वयंपाकघराच्या दारात खारूला उभं करायचं, डोक्यावर पुस्तक ठेवायचं, आणि कपाटातून अण्णांची, तिच्या वडिलांची, घडीची लाकडी पट्टी काढायची. आकडा वाचायचा. दोन बोटं वजा करायची. गेल्या रविवारी वजाबाकीनंतर खारू बोटभर कमी पडली. "पण शाळेत जास्त भरली होती," खारू म्हणाली होती. आणि ती पटकन, विचारही न करता म्हणाली, "शाळेतली पट्टी भिंतीला तिरकी ठोकलेली असते." खारू रडली नाही. "असू दे," म्हणाली, "मी भुताच्या घरात दोनदा जाईन." त्या वेळी तिला लेकीचं कौतुक वाटलं होतं. आणखीही काहीतरी वाटलं होतं, पण त्याच्याकडे तिनं बघितलं नव्हतं. जिथे रांगेत उभं राहून, नंबर आल्यावर, चारचौघांत परत पाठवतात, तिथे जायचंच कशाला, असं ठरलं. गाडी फक्त लांबून बघायची.

शाळेतली पट्टी तिरकी असते. हे वाक्य तिचं नव्हतंच, अण्णांचं होतं. तिनं ते जसंच्या तसं लेकीला दिलं होतं, आईचा दागिना मुलीच्या गळ्यात घालावा तसं, आणि घालताना तो सोन्याचा आहे की मुलाम्याचा हे पाहिलं नव्हतं.

रांग पुढे सरकली. पुढच्या माणसाच्या पिशवीतून लाकडाचा वास आल्यासारखं तिला वाटलं, नसेलही आला. अण्णांचं दुकान तळमजल्याला होतं, मागे राहायची एक खोली. सकाळी डोळे उघडायच्या आधी लाकूड तासणाऱ्या रंध्याचा आवाज यायचा, लांब, एका दमात, आणि भुशाचा वास, त्यात लाकूड चिकटवायचा सरस उकळत असेल तर नाक दाबून धरावं लागे. अण्णा सुतार. दरवाजे, खिडक्या, कपाटं. त्यांच्या हाताखाली एक माणूस होता, पोटानं सुटलेला, त्याला सगळे ढब्बू म्हणायचे, त्याच्या मुलाबाळांसकट. शाळेतून आल्यावर ती भुशाच्या ढिगावर बसून पाढे म्हणायची आणि ते दोघं काम करायचे. अण्णा घडीची पट्टी खटखट उलगडायचे, फळीवर ठेवायचे, कानावरची पेन्सिल काढायचे, आकडा सांगायचे. ढब्बू तोच आकडा परत म्हणायचा आणि करवत सुरू करायचा. एकाच्या तोंडचा आकडा दुसऱ्याच्या तोंडी जाईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. तीही पाढा थांबवायची. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि त्या घरात बोलणं असं फार नसायचंच, आकडे असायचे. तिला ते पुरायचे. आज इतक्या वर्षांनी, या चकचकीत फरशीच्या आणि थंड हवेच्या ठिकाणी, तिला त्या दुकानाची इतकी आठवण आली की तिनं खारूचा हात घट्ट धरला आणि खारू म्हणाली, "आई, दुखतंय."

पट्टी तिनंच मोडली होती. खूप लहान होती, आई असतानाची गोष्ट. दाराच्या बिजागरीत पट्टीचं टोक सरकवलं आणि दार लावलं, लागतं का बघायला. लागलं. टोकाचा तुकडा पार चुरा झाला. अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी मोडकं टोक सरळ कापून काढलं, आणि त्याच संध्याकाळी पितळेच्या पत्र्याची एक टोपी बनवली, कानशीनं घासून गुळगुळीत केली, आत लाकूड भरून बारीक चुका ठोकल्या. त्या टोपीवर आकडे नव्हते. आकडे तिच्यापुढे सुरू व्हायचे. "आता ही आयुष्यभर मोडायची नाही," अण्णा म्हणाले होते, आणि टोपीवर आपली दोन बोटं शेजारी शेजारी ठेवून तिला दाखवली होती, नेमकी बसली होती. पितळ गार लागायचं. उन्हाळ्यात ती टोपी गालाला लावून बसायची.

मग ती बाग. गावाबाहेर तळ्याकाठी होती, आता तिथे इमारती आहेत. त्या बागेत एक आकाशगाडी होती, सगळी लाकडी खांबांवर उभी, लांबून बघितलं तर वाटावं कुणीतरी भली मोठी शिडी वाकवून ठेवली आहे. गाडीच्या दारात लाकडी अस्वल होतं, पंजा पुढे केलेलं, छातीवर उंचीचा आकडा रंगवलेला. पंज्याखालून जो जाईल त्याला प्रवेश नाही. ती पंज्याखालून सहज गेली. "पुढच्या वर्षी," अण्णा म्हणाले, "पण मी आधी बघून येतो कशी आहे." ते एकटेच बसले. ती खाली कठड्याला धरून उभी राहिली, आणि गाडी उंचावरून खाली सुटली तेव्हा सगळे ओरडले, पण तिला अण्णांचा आवाज ऐकू आला नाही. खाली आले तेव्हा चेहरा चुन्यासारखा पांढरा. बाकावर बसले. तिला जवळ घेतलं, सरबत घेऊन दिलं, आणि बराच वेळ तिचं मनगट धरून ठेवलं. तिनं विचारलं, "कशी होती?" अण्णा म्हणाले, "लाकूड चांगलं आहे."

पुढच्या वर्षी तिनं दाराच्या चौकटीवर आखलेली अस्वलाच्या आकड्याची रेघ पार केली. ती नाचली. अण्णांनी पट्टी पुन्हा लावली, आकडा पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "थांब. पट्टीचं टोक मोडलेलं आहे, विसरलीस? दोन बोटं वजा." "पण अण्णा—" "कुणी मोडली होती?" "मी." आपण मोडली, आपली दोन बोटं गेली. हिशेब चोख होता. त्या वर्षी बागेत गेलीच नाहीत ती दोघं. शाळेत उंची जास्त भरली तेव्हा ती धावत सांगायला आली आणि अण्णा करवतीला धार लावता लावता म्हणाले की शाळेतली पट्टी तिरकी ठोकलेली असते. सुतारापुढे कोण बोलणार? आणि त्याच्या पुढच्या वर्षी, जेव्हा वजाबाकी करूनही ती पुरली असती, तेव्हा बाग बंद झाली. आकाशगाडी उतरवताना बघायला ती गेली होती. खांब एकेक करून आडवे होत होते. तिला वाटलं होतं, आपण पट्टी मोडली नसती तर.

रांग थांबली होती. पुढे कुणाच्या तरी पिशवीत पाण्याची बाटली निघाली होती आणि त्यावर वाद चालला होता. ती तिथे उभी होती आणि तिच्या कानात अण्णांचा आवाज येत होता, आकडा सांगणारा, आणि मग ढब्बूचा, तोच आकडा परत म्हणणारा, आणि मग करवत. अण्णा, ढब्बू, करवत. ती पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. मध्ये काहीच नव्हतं. त्या दोघांच्या मध्ये कधीच, एकदाही, कुणी दोन बोटं वजा म्हणालं नव्हतं. फळीला नाही, खिडकीला नाही, त्या मोठ्या कपाटाला नाही. आणि अण्णांचं दार कधी चौकटीत कुरकुरलं नाही. वजाबाकी फक्त तिला होती. फक्त दाराशी उभी राहिली की.

टोपी दोन बोटांची होती. जेवढं मोडलं तेवढंच त्यांनी जोडलं होतं. अण्णांसारखा माणूस दुसरं काय करणार? त्याच संध्याकाळी पट्टी पुरी झाली होती, आणि तिनं ते रोज हातात धरून पाहिलं होतं. म्हणतात ना, हातच्या कांकणाला आरसा कशाला. तिनं तर चष्म्याच्या दुकानातली पट्टी कधी अण्णांच्या पट्टीशेजारी ठेवूनही पाहिली नव्हती; दुसऱ्यांच्या डोळ्यांची मापं घेत होती आणि घरात पडदे पायचे खोचून उभे होते. तिला हसू आलं. मग राग आला, चांगलाच, लहान मुलीला येतो तसा, पाय आपटावेसे वाटणारा. एवढं खोटं? इतकी वर्षं? नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं, माझ्या माथी मोडल्याचं पाप कशाला मारलंत, अण्णा? आणि अण्णा तिथे नव्हते उत्तर द्यायला. असते तरी त्यांनी कानावरची पेन्सिल काढून परत ठेवली असती. बाकावरचा तो हात तिला आठवला. त्या माणसाची बायको गेली होती, घरात एक पोर उरलं होतं, आणि तो त्या शिडीवर चढून आला होता, एकटा, आधी बघून यायला. नाही म्हणायला त्याला जमलं नाही. मोजायला जमायचं, म्हणून त्यानं मोजून नाही म्हटलं. तिचा राग कुठे गेला कळलं नाही. डोळे भरून आले, आणि या सगळ्या अनोळखी माणसांत ते पुसायला तिला रुमाल सापडेना.

पण तेवढ्यावर सुटका नव्हती. गेल्या रविवारी, खारू बोटभर कमी भरली तेव्हा, तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. आता तिनं त्याच्याकडे बघितलं. तिला आनंद झाला होता. लेक बसणार नाही, लेक उलटी होणार नाही, आपल्याला खाली कठड्याला धरून उभं राहावं लागणार नाही. तिनं खोटं सांगितलं नव्हतं हे खरं, पण पडदे, शाळेत भरलेली उंची, शिंप्याची चिडचिड, सगळं समोर असताना तिनं मापाला माप लावून बघितलं नव्हतं ते काय उगाच? बोटभर कमी आणि त्यात दोन बोटं मिळवली की बोटभर जास्त. हे गणित खारूलाही आलं असतं. फरक इतकाच की ते फक्त आपल्याला माहीत आहे. नवऱ्याला बॅगेपलीकडे सुचत नव्हतं. खारूनं गाडी सोडून दिली होती. काही बोललं नाही तर काही बिघडत नव्हतं. दोन दिवस मजेत जातील, भुताचं घर दोनदा होईल, आणि गाडी लांबून बघून होईल. पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी. हे शब्द मनात आले आणि ते कुणाच्या आवाजात आले हे तिला कळलं.

"बूट काढून ट्रेमध्ये ठेवा," गणवेशातली बाई म्हणाली. तिनं आपल्या चपला काढल्या. खारू हलली नाही. "बाळ, बूट." "मला काढायचे नाहीत," खारू म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम इतका लहान झाला की बाईनंही खाली वाकून विचारलं, "का गं, लागलंय का पायाला?" खारूनं आईकडे बघितलं, मग खाली बसून नाड्या सोडल्या. बूट उलटा झाला आणि आतून घडी करकरून जाड केलेला वर्तमानपत्राचा तुकडा पडला. मग आणखी एक. दुसऱ्या बुटातून चकचकीत कागदाची घडी निघाली, पायानं दबून टाचेच्या आकाराची झालेली. बाईनं ती काळजीपूर्वक उलगडली. उलट्या गाडीचा फोटो होता, डोकी खाली, हात पसरलेले. "हे काय?" बाईनं विचारलं. खारूचे कान लाल झाले. "मी रांगेत नव्हते उभी राहणार," ती आईला म्हणाली, "खरंच. फक्त त्या उंचीच्या पाटीशी उभं राहून बघणार होते, किती दिसतं ते. कुणी नसताना."

फेकून दे ते, असलं खोटेपण आपल्याला चालतं का, हे वाक्य तिच्या ओठांवर अगदी तयार होतं. असं वाक्य असतंच तयार, आईच्या तोंडात. ते बोललं असतं की विषय तिथेच मिटत होता, आणि लेक पुन्हा कधी मोजायला उभी राहिली नसती. ती खाली बसली, अनवाणी, त्या गार फरशीवर. मागचे लोक चुळबुळ करत होते. "हे काढून टाक," ती म्हणाली. "याची गरज नाही. तू पुरतेस."

"दोन बोटं वजा केल्यावर नाही पुरत."

"वजा करायचीच नव्हती. पट्टी बरोबर आहे. आजोबांनी ती केव्हाच दुरुस्त केली होती."

खारूनं क्षणभर विचार केला. तिच्या डोक्यात आकडे हलताना दिसत होते. "मग त्यांनी तुला सांगितलं का नाही?"

"त्यांना भीती वाटायची."

"गाडीची?"

"माझ्यासाठी."

गणवेशातल्या बाईनं हातातली घडी परत केली आणि दुसऱ्या कुणाला तरी पुढे बोलावलं. त्या दोघी ट्रे उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. लांब, काचेपलीकडे नवरा हातात पावती नाचवत येत होता, बॅगेचं काम झालं होतं. खारू एका पायात बूट घालून थांबली. "तुला वाटते का भीती? माझ्यासाठी?"

"वाटते," ती म्हणाली. "खूप."

"मग मी नको बसू?" खारूनं विचारलं, आणि ती ते मनापासून विचारत होती. हो म्हटलं असतं तर बसलीही नसती, रडलीही नसती. एवढी शहाणी पोरं आपल्या घरात कशी निपजतात, तिला वाटलं, आणि लाज वाटली. "बस," ती म्हणाली. "मी शेजारी बसते."

"तू?" खारू हसायला लागली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा खरा आवाज फुटला. "तू पाळण्यात पण डोळे मिटतेस. आणि तुला उंची पुरेल का?"

कागद काढल्यावर बूट सैल झाले होते. तिनं खारूचा पाय मांडीवर घेतला, नाडी ओढून गाठ मारली, मग उगाच आणखी एक मारली.

"पुरेल," ती म्हणाली. "केव्हाचीच पुरत होती."